संत्र्याची पेटी नको

चि. पोरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा रात्री दीडचा मेसेज मी सकाळी वाचला. ‘काकू, पार्किंगमध्ये एक मांजर पडलंय, हलत नाही, वर आणू का?’ आणि त्याखाली पावणेसहाचा दुसरा, एकाच शब्दाचा: ‘आणली.’ मी जागी असते आणि नको म्हटलं असतं, तरी तू आणलीच असतीस, त्यामुळे त्या प्रश्नाचं उत्तर देत बसत नाही. फोनवर मी भरकटते हे तुला माहीत आहे, म्हणून लिहून पाठवते. पुढच्या काही गोष्टी आजच्याच आहेत. तेवढ्या वाचून घे, बाकीचं रात्री वाचलंस तरी चालेल.

आधी तिचा श्वास बघ. कुत्रा तोंड उघडून धापा टाकतो, ते त्याचं रोजचंच असतं. मांजर तसं करत नाही. मांजर धापा टाकायला लागलं की प्रकरण गंभीर आहे असं समजायचं. त्यात हा नवतपा, मे अखेरचे सगळ्यात तापणारे नऊ दिवस. आपल्या नागपुरात पारा 45 च्या पुढं जातो आणि पार्किंगची फरशी रात्रीही निवत नाही. धापा टाकत असेल तर साध्या पाण्याच्या ओल्या फडक्यानं पंजे, पोट आणि कान पूस, फ्रिजचं पाणी किंवा बर्फ नको, आणि तशीच दवाखान्यात ने. हे पत्र मग वाच.

श्वास ठीक असेल तर ओठ वर करून हिरड्या बघ. गुलाबी असल्या तर चांगलं. पांढऱ्याफटक असल्या तर रक्त कमी आहे. पिसवा इतकं रक्त पितात की लहान पिल्लं नुसत्या त्यानंच जातात. पिवळ्या असल्या तर कावीळ. खांद्यांमधली कातडी चिमटीत धरून सोड. लगेच बसली तर बरं, तंबूसारखी उभी राहिली तर अंगात पाणी नाही. ते भरून काढायला तोंडात पिचकारीनं पाणी ओतू नकोस, फुप्फुसात जातं. डॉक्टर कातडीखाली सलाईन देतात, दहा मिनिटांचं काम.

आणि तिचं पोट बघ. स्तन ओले, सुजलेले, भोवतालचे केस झडलेले दिसले तर खाली कुठंतरी पिल्लं आहेत. मांजर पिल्लं सात घरं फिरवते म्हणतात ते खोटं नाही, त्यामुळे काल होती तिथं आज नसतील. गाड्यांखाली, जिन्याखाली आणि हो, बंद पडलेल्या कूलरमध्ये बघ. आमच्या मागच्या गल्लीत दर वर्षी मार्चमध्ये कोणी ना कोणी कूलर काढतं आणि गवताच्या जाळीमागून चार डोळे बघत असतात.

दवाखाना सेमिनरी हिल्सचा. पशुवैद्यक महाविद्यालय आहे ना, 1958 पासूनचं, त्यांचाच. शिकणारी मुलं असतात, एका मांजराभोवती पाचसहा जणं उभी राहतात, तेव्हा तिच्या डोक्यावर टॉवेल टाकून ठेव. जवळपास खासगी डॉक्टर असेल तर फोन करून आधी विचार, ‘मांजरं बघता का?’ पुष्कळांचा हात कुत्र्यांवर बसलेला असतो. ॲक्टिवावर मांडीत धरून नेऊ नकोस. प्लॅस्टिकच्या दोन भाजीच्या टोपल्या तोंडाला तोंड लावून सुतळीनं बांधल्या की पिंजरा झाला.

आता खाण्याचं. इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझं पहिलं मांजर मी स्वतः मारलं आहे.

तेव्हा आम्ही जुन्या नागपुरातल्या महाल भागात राहायचो. विहिरीजवळ एक मांजरी सापडली, हाडाचा नुसता सापळा. सासूबाई म्हणाल्या, ‘कायले आणलं वं हे मरतुकडं घरात?’ मला चेव आला. वाडगंभर दूधभात केला, वर साय. तिनं एका दमात चाटून पुसून खाल्ला. मी साऱ्या वाड्याला सांगत फिरले की बघा कशी खाल्ली. दुसऱ्या दिवशी जुलाब, तिसऱ्या दिवशी सकाळी मान टाकलेली. कित्येक वर्षं मी सासूबाईंच्या नजरेला दोष दिला. मग एका डॉक्टरांनी समजावलं. उपाशी शरीर स्वतःच्या चरबीवर आणि मांसावर तग धरून असतं. एकदम भात-साखरेसारखं काही भरपूर पोटात गेलं की रक्तातलं फॉस्फरस आणि पोटॅशियम झपाट्यानं पेशींत ओढलं जातं, आणि हृदय, श्वास, स्नायू सगळंच कोलमडतं. भुकेनं मरायचं ते जनावर जेवणानं मरतं. दूध तर वेगळंच. मोठ्या मांजराला दुधातली साखर बहुधा पचतच नाही.

याची दुसरी बाजूही आहे. मांजर दोनतीन दिवस काहीच खात नसेल तर चरबी लिव्हरमध्ये साठत जाते आणि लिव्हर बसतं. म्हणजे चोवीस तास तिनं तोंड लावलं नाही तर वाट बघायची नाही, उचलायचं आणि डॉक्टरकडे. पण खायला लागली की हात आवरायचा. पहिल्या दिवशी तिच्या पुऱ्या खुराकाचा पाव हिस्सा, तोही दर तीनचार तासांनी दोन चमचे. चारपाच दिवसांत हळूहळू वाढव. ती वाटी चाटून तुझ्याकडे बघेल. त्या बघण्याला भुलायचं नाही, बस.

चिकन उकडून, हाडं काढून, बारीक करून दे. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नको. कांदा-लसणानं मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, त्यामुळे सावजीचा रस्सा उरला म्हणून बोट बुडवून दिलं असलं लाडाचं काही करू नकोस. नुसत्या चिकनवर महिनोन्महिने ठेवायचं नाही. तिला सोसायला लागलं की मांजरांचं तयार खाणं कोमट पाण्यात भिजवून सुरू कर. कुत्र्याचं खाणं चालत नाही. टॉरिन नावाचा एक पदार्थ मांजराचं शरीर पुरेसा बनवू शकत नाही, तो मांसातूनच मिळतो, आणि तो कमी पडला की डोळे जातात, हृदय कमजोर पडतं. तुझ्या घरमालकीणबाई शाकाहारी आहेत, भांडं वेगळं ठेव आणि चिकन बाहेरून उकडून आण, पण ‘तिला पोळी-दूध शिकव’ म्हणाल्या तर ऐकू नकोस. मांजराला शाकाहारी करणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा उपाशी ठेवणं.

घरमालकीणबाई ‘फुटाळा तलावावर नेऊन सोड’ असंही म्हणतील. त्यांना नम्रपणे सांग की उपाशीतापाशी मरेल अशा ठिकाणी जनावर सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. नम्रपणे, कारण भाडं तुला दर महिन्याला तिथंच द्यायचं आहे.

तिला पूर्ण खोली देऊ नकोस. बाथरूम किंवा बाल्कनीचा आडोसा, तोही सावलीतला. एका कोपऱ्यात रेती, बांधकामावरून पिशवीभर आणून चाळून घे, दुसऱ्या कोपऱ्यात पाणी आणि खाणं. शी करतो तिथं जेवायचं नाही, एवढी रीत मांजर पाळतं. आणि लपायला खोकं. मी एकदा मोठ्या हौसेनं कळमन्याच्या बाजारातून संत्र्याची लाकडी पेटी आणली, आत जुनी साडी घातली, नागपूरचं मांजर नागपूरच्या पेटीत. ती आठ दिवस उघड्या फरशीवर भिंतीला चिकटून बसली. मांजरांना संत्र्या-लिंबाचा वास सोसवत नाही हे मला नंतर कळलं. पुठ्ठ्याचं साधं खोकं आणलं, अर्ध्या तासात आत.

फिनाईलनं फरशी पुसू नकोस. ती त्यावरून चालेल, मग पंजे चाटेल, आणि ते विष तिच्या लिव्हरला पेलत नाही. डांबराच्या गोळ्याही उचलून ठेव. साबणाचं पाणी पुष्कळ झालं. औषधांचंही तसंच. आपली तापाची पॅरासिटामॉलची एक गोळी मांजर मारते, अर्धीही मारू शकते. कुत्र्यांच्या पिसवांची औषधं, ज्यात परमेथ्रिन असतं, त्यानं मांजराला झटके येतात. खरुजेला रॉकेल, करंजाचं तेल, डांबर असलं कोणी सांगेलच, गल्लीत प्रत्येक जण अर्धा डॉक्टर असतो. तू पाठवलेल्या फोटोत तिच्या कानांच्या कडा जाड आणि खरखरीत दिसतात, ती खरूजच वाटते. मानेवर टाकायच्या एका औषधानं आटोक्यात येते, पण ते वजन बघून डॉक्टरच देतील. तोवर तिला हाताळताना पूर्ण बाह्यांचा शर्ट घाल. तुलाही खाज सुटू शकते.

चावली तर? ती वाईट म्हणून चावणार नाही, घाबरून चावेल. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धू. घड्याळ लावून. मग त्याच दिवशी मेडिकल किंवा मेयो, या सरकारी दवाखान्यांपैकी एकात जाऊन रेबीजची लस. कातडीत देतात ती असेल तर 0, 3, 7 आणि 28 व्या दिवशी. आज घेतली ती शून्य धरायची. मांजराचे दात सुईसारखे, जखम वरून मिटते आणि आत पू होतो. माझा अंगठा असाच फुगला होता. मी हळद लावून घरी बसले, तिसऱ्या दिवशी पेन धरता येईना. तू बसू नकोस.

एवढं झालं की घाईचं काम संपलं. यापुढचं सगळं सावकाशीचं आहे आणि मला खरी काळजी त्याचीच वाटते, कारण तुझ्या वयाला सावकाशी जमत नाही. मलाही जमत नव्हती. तिसऱ्या दिवशी तू मला लिहिशील, ‘काकू, ती माझ्याकडे बघतही नाही.’ न बघू दे. तिच्या लेखी तू तिला पकडून, बांधून, सुया टोचवून आणणारी बाई आहेस. रोज दोनदा तिच्या खोलीत जाऊन जमिनीवर बस, तिच्याकडे पाठ नाही तर कूस करून. हात पुढं करू नकोस. मी पेपर वाचायचे, मोठ्यानं, अगदी कापसाचे भावसुद्धा. तिला तुझा आवाज आणि जेवणाचा वास एकत्र आला पाहिजे. नजरानजर झाली तर डोळे हळूच मिटून हळूच उघड. मांजरांत टक लावून बघणं म्हणजे भांडण काढणं. एखाद्या दिवशी ती तसेच डोळे मिटेल. कधी, ते मी सांगत नाही. माझ्याकडे एकीनं चार दिवसांत मिटले, एकीनं सात आठवडे घेतले.

ती मोठी मांजरी आहे, दोन महिन्यांचं पिल्लू नाही. पिल्लाला माणसाची सवय पहिल्या सातआठ आठवड्यांत सहज लागते, नंतर ते दार बरंचसं मिटतं. ती आधी कोणाच्या घरातली असेल तर परत माणसाळेल, जन्मापासून रस्त्यावरची असेल तर कदाचित मांडीवर कधीच बसणार नाही. आमची ढमी नऊ वर्षं होती. नऊ वर्षांत एकदाही तिनं मला उचलू दिलं नाही. संध्याकाळी मी ओट्याशी उभी असले की ती फ्रिजवर येऊन बसायची, शेपूट खाली सोडून, इतकंच. मला पुरायचं ते. सुरुवातीला नाही पुरलं, खोटं कशाला सांगू.

रविवारी एकदा वजन कर, स्वयंपाकघरातल्या काट्यावर टोपली ठेवून, आणि वहीत लिही. आरशात आपलं वाढलेलं जसं दिसत नाही तसं रोज बघणाऱ्याला तिचं दिसत नाही. जंताचं औषध डॉक्टर देतील. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखं काही चिकटलेलं दिसलं तर ते फीतकृमी, सांग त्यांना. अंग भरलं की तिहेरी लस आणि रेबीजची. मग ऑपरेशन. ते टाळू नकोस. मांजरी साधारण 63 ते 65 दिवसांत विते आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. एक वाचवलीस आणि वर्षभरात पार्किंगमध्ये आठ झाली तर कोणाकोणासाठी चिकन उकडणार आहेस?

आणि पुढचे दोन आठवडे तू माझ्याकडे येऊ नकोस. रागावू नकोस, कारण सांगते. मांजरांची एक साथ आहे, जुलाब-उलट्यांची, तिचा विषाणू चपलेवर, कपड्यावर बसून घरभर फिरतो आणि महिनोन्महिने जिवंत राहतो. आमच्या म्हाताऱ्या बोक्याला यंदाची लस द्यायची राहिली आहे. चूक माझीच, या आठवड्यात नेते त्याला.

सध्या तुझ्या वॉचमनजवळ मिक्सरचं रिकामं खोकं ठेवून जाते आहे. मी आत नाक घालून वास घेतला आहे. संत्र्याचा नाही.

तुझी,
काकू