सक्तमजुरी : ‘सक्तीची’ नव्हे, ‘सक्त’

‘सक्तमजुरी म्हणजे सक्तीची मजुरीच ना?’ असे एका वाचकाने विचारले आहे. नव्हे. बातम्यांतही हल्ली हा घोटाळा सर्रास दिसतो. ‘सक्त ताकीद’ला ‘सक्तीची ताकीद’ कोणी म्हणत नाही. इथेही ‘सक्त’चा अर्थ ‘कठीण’ एवढाच आहे. ‘सक्ती’ हे ‘सक्त’चेच भाववाचक नाम असल्याने दोन्ही एकच, असे सांगणारे पंडित मूळ बरोबर सांगतात, पण मराठीत ‘सक्ती’ कधीच जबरदस्तीकडे वळली, हे ते सोयीने विसरतात. सक्तीच्या कामाला आपल्याकडे ‘वेठबिगार’ हा खणखणीत शब्द आहे.

हे काम किती ‘सक्त’ असावे, हे इंग्लंडने अक्षरशः यंत्राने ठरवले. विल्यम क्युबिट या अभियंत्याने 1818 च्या सुमारास कैद्यांसाठी पायचक्की उभारली. दांडा धरून पायऱ्या चढत राहायचे आणि पायाखालची पायरी खाली जात राहायची. व्यायामशाळेतल्या ‘ट्रेडमिल’चे नाव तिथूनच आले आहे. काही तुरुंगांत तिच्यावर धान्य दळले जाई, पुष्कळ ठिकाणी नुसता वारा. दुसरे यंत्र हातरहाटाचे. कोठडीतल्या पेटीत वाळू असे, मूठ फिरवली की आतली पाती ती उपसत, फेरे तबकडीवर मोजले जात आणि पहारेकऱ्याने स्क्रू आवळला की मूठ आणखी जड होई. बर्मिंगहॅमच्या तुरुंगात दिवसाला 10,000 फेऱ्यांचे काम लादलेल्या 15 वर्षांच्या मुलाने 1853 मध्ये गळफास घेतला, तेव्हा चौकशी समिती नेमावी लागली.

मला मात्र खरी गंमत ‘मजुरी’त वाटते. फारसी ‘मुज़्द’ म्हणजे मोबदला. ऋग्वेदातला ‘मीढ’ (बक्षीस) आणि ग्रीक ‘मिस्थोस’ ही त्याचीच भावंडे आणि इंग्रजीतला, आता केवळ कवितेत उरलेला, ‘मीड’ही त्याच कुळातला. म्हणजे वाळू उपसण्याच्या शिक्षेला आपण जो शब्द लावला, त्याच्या पोटात ‘बक्षीस’ दडलेले आहे! ‘सश्रम कारावास’ अधिक शुद्ध म्हणून त्याचा आग्रह धरणाऱ्यांच्या हातून ही सगळी मौज निसटते.

1860 च्या भारतीय दंडसंहितेने कैदेचे ‘सक्तमजुरीची’ आणि ‘साधी’ असे दोन प्रकार केले. इंग्लंडने पायचक्की आणि हातरहाट 1898 च्या कायद्यानंतर मोडीत काढले आणि 1948 मध्ये सक्तमजुरीची शिक्षाच रद्द केली. आपल्या 2023 च्या न्याय संहितेत ती अजून आहे.