लिलावाच्या यादीतला एक जुना जपानी ब्राँझचा वाघ घ्यायचा आहे. खरा कसा ओळखावा आणि मुंबईच्या हवेत कसा जपावा?

लिलावाच्या यादीतल्या ज्या वाघाबद्दल तुम्ही विचारलंय, त्याचं वर्णन 'मेजी काळातला, सहीचा' असं आहे. माझा सल्ला असा, की सही सगळ्यात शेवटी बघा. आधी विक्रेत्याकडून पोटाखालचे, पंज्यांच्या तळांचे आणि शेपटीच्या बुडाचे जवळून काढलेले फोटो मागवा.

मेजी काळ म्हणजे १८६८ ते १९१२. १८७६ मध्ये तलवार बाळगायला बंदी आली आणि तलवारीच्या मुठी सजवणाऱ्या धातू-कारागिरांचं गिऱ्हाईकच गेलं. १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनापासून परदेशात जपानी धातुकामाला मागणी वाढत होती, म्हणून ते हात प्राणी-पक्ष्यांकडे वळले. धातू-शिल्पकार सुझुकी चोकिची यांचे १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातले १२ ससाणे हे त्या कामाचं शिखर. वाघ, हत्ती, माकडं प्रामुख्याने निर्यातीसाठीच घडवली गेली, त्यामुळे ती आज युरोप-अमेरिकेतल्या घरांतून बाहेर निघतात.

ओळखायची मुख्य खूण म्हणजे छिन्नीचं काम. चांगल्या मूर्तीत मेणाच्या प्रतिकृतीवरून ओतकाम झालं की अंगावरचे केस छिन्नीने पुन्हा उठवत. दहापट भिंगाखाली त्या रेघांच्या कडा धारदार दिसतात आणि प्रत्येक रेघेची खोली थोडी वेगळी असते. जुन्या मूर्तीवरून साचा घेऊन केलेल्या नकलेत त्याच रेघा बोथट, साबणासारख्या होतात. नाकपुड्या, कानांच्या आतली बाजू आणि नखांच्या खाचा नीट बघा. नक्कल करणारा तिथे कष्ट घेत नाही.

मग धातू. लोहचुंबक चिकटला तर विषय संपला. नाही चिकटला तरी ब्राँझ सिद्ध होत नाही, कारण जस्ताच्या मूर्तीलाही तो चिकटत नाही. तळाशी जिथे आधीच घासलं गेलंय तिथे पिवळसर-तांबूस चमक हवी. करडी-पांढरी दिसली तर जस्त. राळेत ब्राँझची भुकटी मिसळून केलेल्या मूर्ती हाताला कोमट लागतात आणि टिचकी मारली की बद्द वाजतात. शेपटी बहुतेकदा वेगळी ओतून जोडलेली असते. जोडाभोवती करड्या रंगाचा डाख दिसला तर ती नंतरची दुरुस्ती, आणि किंमत त्या मानाने उतरायला हवी.

आता सही. 'गेन्र्युसाई सेइया' हे मेजी काळातल्या ब्राँझ-कारागिराचं नाव फार दिसतं. पोटाखाली चौकटीत उठवलेली अक्षरं असतात, पण साच्याबरोबर तीही नकलेत येतात. अक्षरं स्पष्ट आणि केस बोथट, असं आढळलं तर मी ती वस्तू सोडून देईन.

वाघाऐवजी हत्तीवर मन गेलं तर सुळे आधी तपासा. अनेक जुन्या हत्तींना खरे हस्तिदंती सुळे असतात. हस्तिदंत भारतात आणायला आणि विकायला वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे, मूर्ती कितीही जुनी असली तरी. सुळे राळेचे आहेत असं विक्रेत्याने लेखी दिल्याशिवाय पैसे भरू नका.

घरी आल्यावर एक गोष्ट कळकळीने सांगतो. चिंच, लिंबू, पितांबरी, ब्रासो यातलं काहीही लावू नका. देवघरातली समई घासायची सवय इथे घात करते. जपानी कारागीर रसायनांनी मुद्दाम रंग चढवत आणि वाघाचे काळे-तपकिरी पट्टे पुष्कळदा त्या रंगातच असतात. एकदा घासलं की पट्टे गेले, ते परत येत नाहीत.

धूळ मऊ केसांच्या कोरड्या ब्रशने काढा. वर्षातून एकदा मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (धातूच्या वस्तू जपायला वापरतात ते खनिज मेण) अगदी पातळ हात द्या आणि सुती कापडाने पुसा. मेण जास्त झालं तर केसांच्या रेघांत पांढरं साचतं. उचलताना हातमोजे घाला, कारण घामातलं मीठ खुणा सोडतं. हात पोटाखाली द्यायचा, शेपटीला धरायचं नाही.

समुद्राची हवा आणि पावसाळा हा खरा शत्रू. हवेतल्या क्लोराइडमुळे फिक्या हिरव्या भुकटीचे ठिपके येऊ शकतात. पुसले की परत आले, तर धातू आतून खाल्ला जातोय असं समजा. अशी मूर्ती वेगळ्या बंद डब्यात कोरड्या सिलिका जेलसोबत (ओलावा शोषणारे दाणे) ठेवा आणि धातू-संवर्धकाकडे न्या, घरी रसायनं लावू नका. ती वेळ येऊ नये म्हणून काचेच्या बंद पेटीत आर्द्रता ४५ टक्क्यांखाली ठेवा. घनमीटरला २० किलो सिलिका जेल या हिशोबाने ६० × ४० × ४० सेंमीच्या पेटीला सुमारे २ किलो लागतं. आत २००–३०० रुपयांचा साधा आर्द्रतामापक ठेवा आणि काटा चढू लागला की जेल ओव्हनमध्ये ११० अंशांवर वाळवून घ्या. पेटीचा तळ एमडीएफचा (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचा) नको, त्यातून निघणारी आम्लाची वाफ धातूला बाधते. काच किंवा पावडर-कोटिंग केलेला पत्रा चालेल.