रान काळं दिसलं म्हणून सोयाबीन पेरू नका

या आठवड्यात बऱ्याच जणांनी विचारलंय, "साहेब, पहिल्या पावसानं रान काळंभोर झालं, दुकानदार म्हणतो पेरून टाका नाहीतर बियाणं संपेल, पेरू का?" नाही. पेरू नका.

रंग फक्त वरच्या पापुद्र्याचा दिसतो. सुक्या मातीच्या कणांमधे हवा असते, प्रकाश कणाकणावरून उडून परत डोळ्यात येतो म्हणून माती फिकट दिसते. त्या फटीत पाणी भरलं की प्रकाश आत शिरतो आणि तिथंच जिरतो, घामानं शर्ट गडद होतो ना तसंच. त्यामुळं 10 मिलीमीटरची सर आली तरी अख्खं रान काळं, आणि खाली वीतभर कोरडं. दरवर्षी दुबार पेरणीवाली शेतं बघतो, निम्म्यांची हीच गोष्ट.

रंग बघायचाच तर खड्ड्यात बघा. कुदळीनं वीतभर खड्डा घ्या, कड ताशीव करा. वरची गडद माती कुठं संपते आणि फिकी कुठं सुरू होते ती रेघ स्वच्छ दिसते, ओल तिथपर्यंतच गेलीय. 75 ते 100 मिलीमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणीची पाभर जोडू नका. पाऊस भरला तरी वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही बेताची, येऊ द्या, खालची माती मुठीत दाबून गोळा करा आणि सोडा, फुटला तर वाफसा, चिकटून राहिला तर थांबा.

आता दुकानदाराचं. उगवण कमी होईल म्हणून जादा बियाणं टाका, दोन बॅगा खत जास्त द्या, ओल धरणारी पावडर घ्या, यातलं काहीही ऐकू नका. कमी ओलीत खत बियाण्याला चिकटून पडलं तर कोंब जळतो, वर पैसे गेले ते वेगळेच. परत सांगतो, खताचा डोस माती परीक्षणावर ठरतो, दुकानाच्या काउंटरवर नाही. घरच्या 100 दाण्यांची उगवण गोणपाटात बघा, 70 उगवले तर एकरी 30 किलो पुरे, आणि 3-4 सेंटीमीटरपेक्षा खोल नको.

माझं ऐकाल तर बीबीएफवरच, म्हणजे रुंद वरंबा आणि बाजूला सरी काढूनच पेरा. बियाणं कमी लागतं, पावसाचा खंड पडला तर ओल टिकते, पाऊस जास्त झाला तर पाणी सरीतून निघून जातं. बीबीएफ यंत्राच्या अनुदानाचा अर्ज महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर, बाकी कागदपत्रं सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला (आधीचे कृषी सहायक) विचारा.

उगवल्यावर रान वरून पांढरट दिसलं की लगेच मोटर चालू करणारे पण आहेत, त्यांनीही आधी खड्डाच घ्यायचा, खाली माती गडद असेल तर पाणी देऊ नका.