संत्र्याच्या बागेतल्या त्या दोन विचित्र माश्या कोणत्या?

तुम्ही लिहिलंय, की काटोलकडच्या बागेत एक माशी हवेत जागच्या जागी थांबते आणि मधमाशीसारखी दिसते, तर दुसरी धुऱ्यावरच्या काडीवर किडा धरून बसते. पहिली सिरफिड माशी, दुसरी रॉबर फ्लाय.

सिरफिडला डंख नाही. पिवळे-काळे पट्टे फक्त पक्ष्यांना घाबरवायला. जवळून बघा, मधमाशीला चार पंख असतात, हिला दोनच. तिच्या अळ्या मात्र खऱ्या कामाच्या! नवतीवर, म्हणजे कोवळ्या फुटीवर, मावा (रस शोषणारी बारीक कीड) आला, की पानं उलटून पाहा. मागच्या वर्षी आमच्या बागेत मला हिरवट, बिनपायाची, जळवेसारखी अळी दिसली. मान उचलून इकडेतिकडे चाचपडली, एक मावा पकडला, वर उचलला आणि शोषून रिकामं कातडं टाकून दिलं. अशी एक अळी शेकडो मावा फस्त करते. म्हणून ती दिसली, की लगेच फवारणी करू नका, ही माझी कळकळीची विनंती.

रॉबर फ्लायची तऱ्हा उलटी. तिची शिकार मोठेपणीच दिसते. तोंडावर राठ केसांची मिशी असते, धडपडणाऱ्या भक्ष्यापासून चेहरा वाचवायला. उडता किडा हवेतच धरते, सोंड खुपसून लाळ सोडते, आतलं सगळं पातळ झालं की पिऊन टाकते. मधमाश्याही खाते, त्यामुळे शेजारी मधपेट्या असतील तर थोडं नुकसान होईल. पण नाकतोडेही तीच मारते. हातात मात्र धरू नका, जोरात चावते.