दुधा-मटणातले घातक बॅक्टेरिया लगेच ओळखणारा बायोसेन्सर नेमका चालतो कसा?

गंगावेशीत कट्ट्यावर उभं राहून म्हशीचं धारोष्ण दूध पिणाऱ्या आपण कोल्हापूरकरांनी हे विचारायलाच पाहिजे, बरं झालं विचारलंत. बघा, घरातलं ग्लुकोमीटर पण बायोसेन्सरच, त्याचं मूळ लेलँड क्लार्क यांनी १९६२ साली मांडलेल्या एन्झाइम इलेक्ट्रोडमध्ये, म्हणजे एन्झाइम बसवलेल्या, करंट मोजणाऱ्या टोकामध्ये आहे. इथं फक्त साखरेऐवजी बॅक्टेरिया पकडायचा. पट्टीवर त्या ठरावीक जंतूला चिकटणारी अँटीबॉडी नाहीतर डीएनएचा तुकडा बसवलेला असतो, समजा साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू आला की तिथं अडकतो आणि इलेक्ट्रोडचा करंट बदलतो किंवा रंग दिसतो, मशीन तेच वाचतं. लॅबमध्ये कल्चर लावून, म्हणजे जंतू वाढवून बघून, पक्का रिपोर्ट यायला ३ ते ५ दिवस जातात, तोवर दूध विकून पिऊनही झालेलं असतं.

पण अडचण पण खरी आहे. २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेलाची एक पेशीसुद्धा चालत नाही आणि एवढं थोडं सेन्सरला थेट सापडत नाही, मग आधी काही तास नमुना उबवून जंतू वाढवावे लागतात. त्यात म्हशीच्या दुधातलं फॅट पट्टीवर बसतं, आणि अँटीबॉडीला मेलेला जंतू न् जिवंत जंतू सारखाच. म्हणून मला बॅक्टेरिओफेज, म्हणजे बॅक्टेरियाला मारणारा व्हायरस वापरायची आयडिया लई भारी वाटते, कारण तो जिवंत पेशीतच वाढतो.

तोवर दूध उकळूनच प्या, नुसतं फ्रिजवर विसंबू नका, लिस्टेरिया नावाचा घातक जंतू फ्रिजमध्येही वाढतो.