जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीचं आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनचं मंद चालणं) खडबडतं, चोक ओढला की सुधारतं. काय तपासू?

चोक हवा अडवतो; त्याने फरक पडतो म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. कृपा करून मिश्रणाचा स्क्रू फिरवत बसू नका, आधी हवेची गळती शोधा. इंजिन चालू ठेवून कार्ब्युरेटरच्या बुडाचं गॅस्केट, इनटेक मॅनिफोल्डचे (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळ्यांचे) सांधे, व्हॅक्यूमचे पाइप यांवर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा; डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) आणि तापलेला एक्झॉस्ट सांभाळून. जिथे फवारताच इंजिनचा आवाज बदलेल, तिथे फट आहे. रबरी पाइप टोकाशी वाकवून बघा, केसाएवढ्या भेगा सरळ पाइपवर दिसतच नाहीत. थ्रॉटलचा (ॲक्सिलरेटरने उघडणाऱ्या झडपेचा) दांडा खुळखुळत असेल तर हवा तिथूनही शिरते, आणि ते दुखणं गॅस्केट बदलून जात नाही, बुश (दांड्याभोवतीच्या छोट्या नळ्या) बसवावे लागतात. कुठेच काही सापडलं नाही तर आयडल जेट (आयडलिंगसाठी पेट्रोल सोडणारा बारीक छिद्राचा भाग) तुंबलाय का बघा.