व्यवसाय विकत घेणाऱ्या खाजगी फंडाच्या पत्रकात बडी सल्लागार मंडळी दिसतात. त्यांच्या भरवशावर पैसे गुंतवावेत का?

नुसत्या नावांवर नको. सल्लागार मंडळाला बहुधा मतच नसतं. कोणता व्यवसाय घ्यायचा हे गुंतवणूक समिती ठरवते. तिथे कोण बसतं आणि निर्णय एकमताने होतो की बहुमताने, हे आधी विचारा. गुंतवणूकदारांच्या प्रतिनिधींची समिती आणखी वेगळी असते. हितसंबंधांचा संघर्ष असलेले व्यवहार तिच्यापुढे येतात. पत्रकात ही तिन्ही सर्रास एकाच पानावर कोंबलेली असतात.

मग फंडाच्या करारातलं ‘की पर्सन’ कलम उघडा, म्हणजे ठरावीक माणसं निघून गेली तर नवीन खरेदी थांबवणारं कलम. पत्रकावर पाच चेहरे आणि कलमात एकच नाव असेल, तर बाकीचे चौघे उद्या निघून गेले तरी फंड नवीन खरेदी करतच राहील. कलमात वेळेची अटही हवी, नाहीतर तोच माणूस आणखी दोन फंड चालवत बसतो.

प्रवर्तकांचे स्वतःचे पैसे किती? फंडाच्या एकूण रकमेच्या 1 ते 3 टक्के हे नेहमीचं प्रमाण, पण ते रोख आहेत की गुंतवणूकदारांकडून घ्यायचं व्यवस्थापन शुल्क माफ करून दाखवलेत, ते बघा.

सल्लागारांचं मानधन कोण देतं, हा प्रश्न हमखास राहून जातो. विकत घेतलेली कंपनी देत असेल आणि ती रक्कम व्यवस्थापन शुल्कातून वजा होत नसेल, तर भुर्दंड तुमच्यावरच.

आणि चौकशी करायचीच तर फंडाने दिलेल्या फोन नंबरांवर थांबू नका. ज्यांनी त्यांना व्यवसाय विकला, त्या जुन्या मालकांना गाठा.